लेखापरीक्षण अहवालातील प्रलंबित आक्षेपांचे पुढे काय होते?

प्रश्न : कृषी सेवा केंद्र चालक, यवतमाळ जिल्हा

सर्वांना नमस्कार. आमचे गाव तालुक्याचे ठिकाण आहे. २०१५ मध्ये आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, सतरा प्रभाग पडले, मुख्याधिकारी आले आणि पूर्वी कधी न पाहिलेल्या रकमांची कामे गावात होऊ लागली. त्यातलेच एक काम म्हणजे आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याचा वरचा थर उखडला आणि आता दुचाकी गेली की घरात खडीचे खडे उडतात. तक्रार करण्याआधी कागद पाहावेत, म्हणून मी माहितीच्या अधिकारात नगरपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल मागितला. तो ८४ पानांचा निघाला. पानामागे २ रुपयांप्रमाणे १६८ रुपये भरले आणि प्रत घेतली.

दोन आठवडे रात्री दुकान बंद केल्यावर मी तो वाचत आहे. लेखापरीक्षकांनी बऱ्याच गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत, याचे मला समाधान वाटले. आमच्या रस्त्याचाही एक परिच्छेद आहे. मोजमाप पुस्तिकेतील नोंदीवर तपासणी अधिकाऱ्याची सही नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा चाचणी अहवाल देयकासोबत जोडलेला नाही आणि देयकातून कामगार कल्याण उपकर व स्वामित्वधन (रॉयल्टी) कापलेले नाही, असे त्यात म्हटले आहे. शेवटी काही रक्कम "वसूलपात्र" आणि त्याहून बरीच मोठी रक्कम "आक्षेपाधीन" दाखवली आहे. मागच्या पानांवर आधीच्या वर्षांच्या प्रलंबित परिच्छेदांची यादी असून जवळजवळ प्रत्येकासमोर "अनुपालन अप्राप्त" असा शेरा आहे, म्हणजे आक्षेपाची पूर्तता केल्याचे कार्यालयाने कळवलेलेच नाही. ग्रामपंचायतीच्या काळातलेही काही परिच्छेद त्या यादीत आहेत.

माझ्या दुकानात खताच्या एकेका पोत्याचा हिशेब यंत्रावर आणि साठा नोंदवहीत जुळवून ठेवावा लागतो. तपासणीत दोन पोती कमी भरली, तर त्याच दिवशी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला जातो. मग एवढ्या मोठ्या रकमांचे आक्षेप वर्षानुवर्षे तसेच कसे राहू शकतात? वसूलपात्र म्हणजे पैसे कोणाकडून वसूल व्हायचे? हा अहवाल हातात आल्यावर माझ्यासारख्या नागरिकाने नेमके काय करावे? मला कोणाला बदनाम करायचे नाही. रस्ता नीट व्हावा आणि चुकीचे गेलेले पैसे परत यावेत, एवढेच मला हवे आहे.

उत्तर १ : निवृत्त लेखापरीक्षक, अमरावती

आपण अहवाल विकत घेऊन वाचला, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो. स्थानिक निधी लेखापरीक्षेत तीस वर्षे काढली, पण आम्ही लिहिलेला अहवाल शेवटपर्यंत वाचलेला नागरिक मला त्या काळात क्वचितच भेटला.

शब्दांची फोड आधी करू, कारण पुष्कळ गैरसमज तिथूनच सुरू होतात. लेखापरीक्षणाचे पथक कार्यालयात बसून तपासणी करते, तेव्हा शंका आली की अर्धसमास पत्र देते. कागदाच्या अर्ध्या भागात आम्ही शंका लिहायची आणि उरलेल्या अर्ध्या भागात कार्यालयाने उत्तर द्यायचे, अशी ही जुनी पद्धत आहे. उत्तर समाधानकारक मिळाले आणि प्रमाणक (खर्चाचे व्हाउचर) दाखवले गेले, तर शंका तिथेच मिटते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर तीच शंका अहवालात परिच्छेद होऊन बसते. "आक्षेपाधीन" म्हणजे ज्या खर्चाची कागदपत्रे समोर आली नाहीत, म्हणून जो आज मान्य करता येत नाही, तो खर्च. कागद मिळाले की तो मान्यही होऊ शकतो. "वसूलपात्र" म्हणजे जी रक्कम जादा दिली गेली किंवा कापायची राहिली आणि जी परत आलीच पाहिजे, ती. म्हणून आक्षेपाधीन रक्कम वाचून "एवढ्यांचा घोटाळा झाला" असे जाहीरपणे म्हणू नका. ते बहुधा खरे नसते आणि एकदा तसे म्हटले की कार्यालय तुमचे खरे मुद्देही बाजूला सारते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. आक्षेप तसेच राहतात, कारण ते निकाली काढण्याची जबाबदारी ज्या कार्यालयावर आहे, त्याच कार्यालयाला ते अडचणीचे असतात. अहवाल नगरपंचायतीला मिळाल्यावर तो सर्वसाधारण सभेपुढे यायला हवा आणि मुख्याधिकाऱ्यांनी अनुपालन अहवाल मुदतीत पाठवायला हवा. प्रत्यक्षात लेखापाल बदलून जातो, मुख्याधिकाऱ्यांची बदली होते आणि नव्या माणसाला वाटते की हे आपल्या काळातले नाही. कायद्यात बळ नाही असे समजू नका. महाराष्ट्र स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम १९३० चा आहे आणि बेकायदा खर्चाची रक्कम, संबंधिताचे म्हणणे ऐकून घेऊन, त्याच्यावर अधिभार म्हणून बसवण्याची सोय त्यात आहे. परंतु त्या टोकापर्यंत प्रकरण न्यायला कोणीतरी पाठीमागे लागावे लागते.

तुमच्या रस्त्याच्या परिच्छेदात तीन वेगळ्या प्रकारचे दोष आहेत आणि तिन्हींची वाट वेगळी आहे. बांधकाम कामगार कल्याण उपकर कामाच्या खर्चाच्या १ टक्का असतो. गौण खनिजाचे स्वामित्वधन वाळू, मुरूम आणि खडीवर लागते. करार अडीच लाखांपेक्षा मोठा असेल तर वस्तू व सेवा कराची २ टक्के कपातही देयकातून करावी लागते, तीही झाली का पाहा. या कपाती राहिल्या असतील तर वाद घालायला फारशी जागा उरत नाही आणि पैसे कंत्राटदाराच्या पुढच्या देयकातून किंवा सुरक्षा ठेवीतून कापता येतात. इथेच तुमचा वेळ महत्त्वाचा आहे. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांना कंत्राटदार जबाबदार असतो ती मुदत, संपून ठेव परत गेली की वसुली अतिशय कठीण होते, म्हणून त्या कामाची ठेव परत दिली आहे का आणि दिली नसल्यास कालावधी कधी संपतो, हे सर्वांत आधी शोधा. शिवाय त्याच कालावधीत उखडलेला रस्ता कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमच्या गल्लीचा प्रश्न आणि नगरपंचायतीच्या पैशांचा प्रश्न एकाच तारखेपाशी येऊन थांबले आहेत.

मोजमाप पुस्तिकेवरची राहिलेली सही आणि ठोकळ्यांचा अहवाल ही बाब अधिक गंभीर आहे. काँक्रीट ओतताना त्याच मालातून १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरायचे आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहायचे, असा नियम आहे. ठोकळे भरलेच नसतील, तर आता मागील तारखेचा अहवाल तयार करण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, म्हणून अहवालावरील प्रयोगशाळेचा क्रमांक, ठोकळे भरल्याची तारीख आणि रस्त्याचे काम झाल्याची तारीख या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का, ते पाहा. आम्ही लेखापरीक्षक कागद तपासतो. रस्ता मोजायला आम्ही जात नाही आणि आमच्याकडे अभियंताही नसतो. त्या रस्त्यावरून रोज जाणारा माणूस जे पाहतो, ते आमच्या अहवालात येऊ शकत नाही.

याच संदर्भात माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. एका गावात घरपट्टीच्या पावत्या तपासत होतो. पावती पुस्तकातल्या काही स्थळप्रतींवर (कार्यालयाकडे राहणाऱ्या कार्बन प्रतींवर) आकड्यांतील रक्कम कार्बनने नीट उमटली होती, पण अक्षरी रकमेची ओळ कोरी होती. रोकडवहीशी बेरीज जुळत होती, बँकेतला भरणाही जुळत होता, म्हणजे कागदावर सर्व बरोबर होते. ती कोरी ओळ मात्र मनातून जाईना. त्या घरांची नावे लिहून घेतली आणि एका संध्याकाळी शिपायाला सोबत घेऊन चार दारे ठोठावली. तिसऱ्या घरातल्या आजींनी देव्हाऱ्यामागून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली मूळ पावती काढून दिली. तिच्यावर ४,३२० रुपये होते आणि आमच्या स्थळप्रतीवर ३२०. कार्बन ठेवून ३२० लिहायचे, मग कार्बन काढून मूळ पावतीवर पुढे ४ चा आकडा आणि अक्षरी रक्कम भरायची, अशी ती युक्ती होती. आजींना दोन वर्षे थकबाकीची नोटीस येत होती आणि आपलीच काही चूक झाली असेल, असे समजून त्या गप्प होत्या. त्या पावतीवरून पुढे सबंध पुस्तक तपासले गेले आणि अपहाराची रक्कम वसूल झाली. वाचकांना विनंती आहे की घरपट्टीची, पाणीपट्टीची पावती कधीही टाकू नका आणि थकबाकीची नोटीस चुकीची वाटली तर ती पावती घेऊन कार्यालयात जा.

उत्तर २ : माजी नगरसेविका, वाशीम जिल्हा

गुरुजनांनी सांगितले त्याला सभागृहातून पाहिलेली बाजू जोडते. मी महिला राखीव प्रभागातून निवडून आले, तेव्हा मला जमाखर्चातले काही कळत नव्हते आणि ते विचारायलाही संकोच वाटत असे. पहिल्याच वर्षी लेखापरीक्षण अहवाल सभेपुढे आला, तो विषयपत्रिकेच्या अगदी शेवटी होता. त्यानंतर ऐनवेळचे विषय होते आणि सगळ्यांना त्यांचीच घाई होती. "अहवालाचे अवलोकन करण्यात आले" असे एक वाक्य इतिवृत्तात आले आणि विषय संपला. अहवालाची प्रत माझ्या हातात पडलीच नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी सभेच्या आधी लेखी पत्र देऊन प्रत मागितली आणि प्रत्येक सभेत तीन परिच्छेद वाचून त्यावर कार्यालयाचे उत्तर घ्यावे, असा प्रस्ताव ठेवला. सगळे एकदम घ्या म्हटले असते तर कोणीच ऐकून घेतले नसते. तिघांनी पाठिंबा दिला आणि तेवढे पुरेसे झाले.

पहिल्या तीनांत उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरचा परिच्छेद होता. टँकरच्या नोंदवहीत रोजच्या फेऱ्या लिहिल्या होत्या, पण पाणी मिळाल्याच्या सह्या नव्हत्या. हा आक्षेप वाचून कार्यालयाने उत्तर दिले की सह्या घेणे राहून गेले, फेऱ्या मात्र झाल्या आहेत. माझ्या प्रभागातल्या बाया एप्रिल-मे महिन्यांत ड्रम मांडून टँकरची वाट पाहत बसत, त्यामुळे टँकर केव्हा आला आणि केव्हा आला नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? एकीने तर आपली पाळी चुकू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर टँकर आलेल्या दिवसांवर खुणा केल्या होत्या. ते कॅलेंडर मी सभेत नेले. नोंदवहीत ज्या दिवशी दोन फेऱ्या होत्या, त्यांपैकी कितीतरी दिवसांवर कॅलेंडरमध्ये एकही खूण नव्हती. देयकाची फेरतपासणी झाली, कपात झाली आणि पुढच्या उन्हाळ्यापासून प्रत्येक फेरीवर गल्लीतल्या दोन बायांची सही घेतल्याशिवाय देयक निघणे बंद झाले. कपात झालेली रक्कम फार मोठी नव्हती, तरी मला त्या सह्यांचे मोल अधिक वाटते.

भाऊ, तुमच्या प्रभागाच्या सदस्यांना हाताशी धरा. विरोधी बाकावरचेच शोधा असे मुळीच नाही, जो वाचायला तयार असेल तो शोधा. त्यांच्याकडून लेखी प्रश्न जाऊ द्या आणि सभेनंतर इतिवृत्ताची प्रत नक्की घ्या, कारण तोंडी दिलेल्या आश्वासनाला पुढच्या महिन्यात कोणी ओळखत नाही.

उत्तर ३ : ग्रामसभा कार्यकर्ता, गडचिरोली जिल्हा

मला एक फरक मांडावासा वाटतो. आपले गाव ग्रामपंचायत होते, तोवर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत होणाऱ्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी तिच्या उत्तरांसह ठेवणे बंधनकारक होते. म्हणजे मतदार यादीत नाव असलेला कोणीही उभा राहून विचारू शकत होता. नगरपंचायत झाली आणि ती ग्रामसभा गेली. आता विचारण्याचा हक्क सतरा सदस्यांपुरता उरला. तालुक्याच्या गावांना नगरपंचायत मिळाल्याचा आनंद सर्वत्र झाला, पण या गमावलेल्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आमच्याकडे वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा बांबूचा आणि तेंदूपानाचा पैसा स्वतः सांभाळतात. आमच्या गावात जमाखर्च सभेत मोठ्याने वाचला जातो, मजुरी कोणाला किती गेली हे नावानिशी सांगितले जाते आणि ज्याला अक्षर येत नाही तोही "मला एवढे मिळाले नाहीत" असे तिथल्या तिथे सांगू शकतो. कायद्याने आता भाग पडत नसले, तरी तुमच्या प्रभागात वर्षातून एकदा अशी बैठक नागरिकांनी बोलवायला कोणाची हरकत असू नये. सभामंडपात बसा, अहवालातले आपल्या प्रभागापुरते परिच्छेद वाचा आणि सदस्यांना ऐकायला बोलवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिन्ही उत्तरे मी छापून दुकानात ठेवली आहेत. निवृत्त लेखापरीक्षक साहेबांनी ठेवीबद्दल लिहिलेले वाचून मी थांबलो नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख नागरिकांना पाहू द्यावेत, असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, त्याची प्रत सोबत घेऊन परवा कार्यालयात गेलो. सुरुवातीला लिपिकाने उद्या या असे सांगितले, पण निर्णयाची प्रत पाहिल्यावर रस्त्याच्या कामाची नस्ती (फाइल) काढून दिली.

मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची रुंदी ४ मीटर नोंदवली आहे. घरी येऊन मुलाला टेपचे दुसरे टोक धरायला लावले आणि गल्लीच्या तोंडाशी, मध्यावर आणि मारुतीच्या पारापाशी अशा तीन ठिकाणी मोजले. पारापाशी रुंदी ४ मीटर भरते, पण उरलेल्या दोन्ही ठिकाणी साडेतीनच्या आसपासच येते. चाचणी अहवाल नस्तीत नाही. सुरक्षा ठेव अजून परत गेलेली नाही, मात्र ती परत देण्याचा कंत्राटदाराचा अर्ज नस्तीत लागला आहे आणि दोषदायित्व कालावधी संपायला दोन महिने उरले आहेत. आमच्या प्रभागाच्या सदस्या सभेत विषय मांडायला तयार झाल्या आहेत. आता मी नेमका कोणाला आणि काय अर्ज लिहावा, एवढे सांगावे.

निवृत्त लेखापरीक्षक, अमरावती

आपण योग्य वेळी पोहोचलात. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका प्रशासनाच्या शाखेला व स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या आपल्या जिल्ह्यातील कार्यालयाला द्या. अर्जात परिच्छेदाचा क्रमांक, अहवालाचे वर्ष, प्रमाणकाचा क्रमांक व दिनांक लिहा. पहिली मागणी अशी ठेवा की परिच्छेदाचे अनुपालन होऊन तो लेखापरीक्षेकडून वगळला जाईपर्यंत सुरक्षा ठेव परत करू नये. दुसरी, रस्त्याची रुंदी व जाडी आपल्या उपस्थितीत पुन्हा मोजावी. जाडीसाठी यंत्राने काँक्रीटचा गाभा (कोअर) काढून पाहावा लागेल, तो वरवर खणून ठरवू नये. तिसरी, उखडलेल्या थराची दुरुस्ती दोषदायित्वाखाली करून घ्यावी. चोरी, भ्रष्टाचार हे शब्द अर्जात कुठेही वापरू नका, फक्त मोजलेले आकडे आणि मोजल्याची तारीख लिहा. दोन शेजाऱ्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या घ्या.

सर्वसाधारण सभेने आक्षेप डावलून ठेव परत देण्याचा ठराव केला, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्या ठरावाची अंमलबजावणी रोखू शकतात. त्यासाठी तुमचा अर्ज ठरावाच्या आधीच्या तारखेचा असणे फार उपयोगी पडते. म्हणून सभेची वाट पाहू नका. उद्याच आवक शाखेत अर्ज द्या, पोचपावतीच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या आणि ती प्रत रस्त्याच्या मोजमापाच्या कागदासोबत जपून ठेवा.